विश्वाचा परीघ आणि भास्कराचार्य

विश्व केवढे आहे, त्याला काही आकार आहे काय, ते कोठे तरी संपते की संपतच नाही, हे प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या अधिकारातले नव्हेत हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शहापूर-मुरबाडकडच्या महाविद्यालयांतून शिकविणाऱ्याची त्यांतून सर्वस्वी सुटका होत नाही. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली अतिदूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तर या प्रश्नांची चर्चा वर्गात आणि वर्गाबाहेर वारंवार ऐकू येते, आणि ती बहुधा दोनच वाटांनी जाते. हे सारे आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते, असे एका पक्षाचे म्हणणे. जुन्या ग्रंथांत भाकडकथांवाचून दुसरे काही नाही, असे दुसऱ्याचे. पहिला पक्ष ज्यांचे नाव पुढे करतो त्यांत भास्कराचार्य अग्रभागी असतात. दुसऱ्या पक्षाने त्यांचे नाव बहुधा पहिल्याच्या तोंडून ऐकलेले असते. त्यांच्या ग्रंथांत विश्वाच्या आकारमानाविषयी नेमके काय आहे, हे पाहण्याचे कष्ट मात्र कोणताच पक्ष घेत नाही. ते पाहिले तर दोघांचीही थोडीशी गैरसोय होण्याचा संभव आहे.

भास्कराचार्यांनी आपल्याविषयी फार थोडे लिहून ठेवले. पण जे लिहिले ते गणिताला शोभेल इतके नेटके आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी आपण ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, ही नोंद त्यांचीच. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर, आणि विद्या मिळाली ती त्या वडिलांकडूनच. गाव विज्जडविड, ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले. हे विज्जडविड कोणते, यावर मात्र पुष्कळ वाद झाला आहे. कोणी ते कर्नाटकातले विजापूर मानतात, कोणी मराठवाड्यातले बीड, तर कोणी खानदेशात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी असलेले पाटण. सह्याद्री लांबलचक आहे, आणि जन्मभूमीचा अभिमान त्याहून लांब पसरतो. या वादाचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र भास्कराचार्यांच्या नातवाने कोरविलेला शिलालेख पाटणला सापडला, एवढे निश्चित. आसनगावला गाडीत बसून कसारा घाट चढून नाशिक-मनमाडवरून पुढे गेले की चाळीसगाव येते. म्हणजे शहापूरच्या माणसाला हे ठिकाण परके वाटण्याचे कारण नाही. त्या काळी आपल्या ठाण्याच्या बाजूस शिलाहारांचे राज्य होते. घाटावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी होत चालली होती आणि देवगिरीचे यादव उदयास येत होते. राज्ये अशी डळमळीत असताना एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या ग्रहांची गणिते करीत बसले होते. त्या घराण्यातील एका पूर्वजास भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळाली होती, असे पाटणचा तोच लेख सांगतो.

‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यांपैकी ‘लीलावती’ सर्वाधिक वाचली गेली. लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या विवाहाचा मुहूर्त घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे टळला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वांना माहीत असते; ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराबरोबर प्रसृत झाली. मूळ ग्रंथात ती नाही. माझ्यासारख्याला मूळ ग्रंथात अधिक रुची वाटते ती त्यातील बाजाराची. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क, अशा कोष्टकाने ग्रंथ सुरू होतो. पुढे धान्याचे भाव येतात, भागीदारीतील नफ्याची वाटणी येते, दरमहा शेकडा पाच अशा दराने व्याजाची आकारणी येते. व्यस्त त्रैराशिकाच्या एका उदाहरणात सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क असेल तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती, असेही विचारलेले आहे. बाराव्या शतकात माणसांचा बाजार भरत होता आणि त्याचा हिशेब पाठ्यपुस्तकात निर्विकारपणे बसत होता. पूर्वजांचा गौरव करताना हे उदाहरण गाळण्याची प्रथा आहे. ती बरी नव्हे.

परंतु विश्वाचा प्रश्न येतो तो गोलाध्यायात. तेथे भास्कराचार्य प्रथम पृथ्वीकडे वळतात. पृथ्वी सपाट आहे, तिच्या मध्यभागी मेरू पर्वत आहे आणि सूर्य त्याच्या आड गेला की रात्र होते, ही पौराणिक कल्पना त्यांच्या काळी प्रचलित होती. ते तिच्याशी भांडत नाहीत, तिची उलटतपासणी करतात. मेरू जर सूर्य झाकतो, तर मधे उभा असलेला तो मेरू आपल्याला दिसत का नाही? आणि मेरू जर उत्तरेला, तर सूर्य वर्षाचे काही महिने पूर्वेच्याही दक्षिणेला कसा उगवतो? पृथ्वी कशाच्या तरी आधारावर असली पाहिजे असे म्हणणाऱ्यांना त्यांचा प्रश्न असा की, त्या आधाराला आधार कोणाचा, आणि त्याला कोणाचा? कोठे तरी स्वत:च्या बळावर राहणारी वस्तू मानावी लागणारच, तर मग तो मान पृथ्वीलाच का देऊ नये? अग्नीच्या ठायी उष्णता तशी पृथ्वीच्या ठायी ही स्थिरता. आकाशातील जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते, आणि त्या पडत आहेत असे आपणांस वाटते; मात्र पृथ्वीच्या सभोवती सर्व बाजूंनी आकाश सारखेच असल्यामुळे तिने स्वत: पडावे तरी कोणीकडे?

याच ठिकाणी न्यूटनच्या आधी साडेपाचशे वर्षे गुरुत्वाकर्षणाचा शोध लागल्याची ग्वाही दिली जाते. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे हा विचार भास्कराचार्यांनी स्वच्छ मांडला, यात संशय नाही. पण ती शक्ती किती, अंतर वाढले की ती कोणत्या प्रमाणात घटते, चंद्राला कक्षेत ठेवणारी शक्ती आणि फळाला खाली आणणारी शक्ती एकच काय, हे १६८७ मध्ये न्यूटनने गणिताने मांडले. विचार आणि नियम यांतला हा फरक भास्कराचार्यांना सर्वप्रथम पटला असता, कारण याच चुकीसाठी त्यांनी आपल्या पूर्वसूरींना सोडलेले नाही. लल्ल या मान्यवर ज्योतिषाचार्याने गोलाच्या पृष्ठफळाचे सूत्र चुकीचे दिले होते. भास्कराचार्यांनी ते चुकीचे का आहे हे दाखवून परीघ आणि व्यास यांचा गुणाकार हे बरोबर सूत्र दिले: परीघ ४,९६७ योजने, व्यास १,५८१ आणि एक चोविसांश योजने, पृष्ठफळ ७८,५३,०३४ योजने. योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलते, म्हणून या आकड्यांचे किलोमीटर करून आचार्यांना शाबासकी देण्यात अर्थ नाही. पाहण्यासारखी आहे ती परीघ काढण्याची रीत. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावांचे अक्षांश मोजावेत, त्यांतले अंतर मोजावे, आणि त्रैराशिक मांडावे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर. तेव्हा ते अंतर सोळापट केले की पृथ्वीचा परीघ मिळतो. ज्याला अंतर मोजता येते आणि ध्रुवाची उंची पाहता येते अशा कोणालाही पडताळून पाहता येईल, अशी ही रीत आहे.

आणि पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते? कारण परिघाचा शंभरावा हिस्सा सपाटच भासतो, आणि मोठ्या गोलावर उभ्या असलेल्या लहान माणसाला त्याहून अधिक दिसत नाही. शहापूरच्या माहुलीवर चढलेल्याला भोवतालचा मुलूख ताटासारखा पसरलेला दिसतो, तो यामुळेच. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे; त्याचे काम पुढे पडणार आहे.

पृथ्वीवरून दृष्टी वर गेली की आकडे एकदम फुगतात. आकाशाच्या सर्वात बाहेरच्या परिघाला ज्योतिषी खकक्षा म्हणत. ख म्हणजे आकाश. तिचे परंपरेने आलेले मान भास्कराचार्य देतात: १,८७,१२,०६,९२० कोटी योजने. आकडा पाहून छाती दडपते, पण तो आकाशातून पडलेला नाही. ४३२ कोटी वर्षांच्या एका कल्पात चंद्राच्या प्रदक्षिणा होतात ५,७७५ कोटी ३३ लाख. चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने. या दोहोंचा गुणाकार केला की नेमकी खकक्षा येते. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावा. म्हणजे ही संख्या एका कल्पात चंद्र जेवढे अंतर चालतो तेवढी आहे, आणि सर्व ग्रहांची योजनांतली गती सारखीच, दररोज सुमारे ११,८५८ योजने, असे गृहीत धरलेले असल्यामुळे प्रत्येक ग्रह कल्पात तेवढेच चालतो.

आता या संख्येचा अर्थ काय लावायचा? भास्कराचार्य मते नोंदवितात. कोणी म्हणतात, हा ब्रह्मांडाच्या कवचाचा परीघ. पौराणिकांपैकी काहींना तो लोकालोक पर्वताचा वाटतो. सूर्याचे किरण जेथवर अंधार दूर करतात तेथवरचे हे आकाश, असे गोलशास्त्रात मुरलेल्यांचे मत. एवढे सांगून झाल्यावर ते स्वत:चे मत देतात, आणि हेच मत त्यांना इतरांपासून वेगळे करते. ब्रह्मांड एवढेच आहे की नाही, या वादात ते शिरत नाहीत. ग्रह एका कल्पात जेवढी योजने आक्रमितो तेवढ्या अंतराला आपल्या पूर्वीच्यांनी खकक्षा हे नाव दिले, आपण त्याचा अर्थ एवढाच मानतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ही गोष्ट दिसते तेवढी साधी नाही. परंपरेने हातात दिलेला आकडा होता, त्याला धर्मग्रंथांचे पाठबळ होते, आणि तो विश्वाचा परीघ आहे असे म्हटल्याने लेखकाची प्रतिष्ठा वाढलीच असती. भास्कराचार्यांनी तो आकडा ठेवला. कारण ग्रहगणिताला तो लागतो. विश्वाच्या सीमेचा दावा मात्र त्यांनी त्यापासून अलग केला. हिशेबवहीत ज्याची पावती आहे तेवढेच जमेस धरणारा कारकून आपल्या परिचयाचा असतो, आणि तो कोणालाच फारसा आवडत नाही. भास्कराचार्य विश्वाच्या बाबतीत तसे वागले.

अर्थात पावती असलेली रक्कमही खोटी निघू शकते. खकक्षेला सूर्याच्या ४३२ कोटी प्रदक्षिणांनी भागले की सूर्याची कक्षा ४३,३१,४९७ आणि अर्धे योजन येते. म्हणजे सूर्य चंद्राच्या तेरापटींहून थोडा अधिक दूर. प्रत्यक्षात तो सुमारे ३९० पट दूर आहे. चूक गुणाकारात नाही, गृहीतकात आहे. दूरचे ग्रह सावकाश फिरताना दिसतात ते केवळ त्यांची वाट लांब असल्यामुळे, असे मानले गेले. वस्तुत: दूरच्या ग्रहांची स्वत:ची गतीही मंद असते. शिवाय पृथ्वी स्थिर आणि मध्यभागी, हे भास्कराचार्यांनीही मानले. पारा भरलेल्या आऱ्यांचे, आपोआप सतत फिरत राहणारे चाक त्यांनी यंत्राध्यायात वर्णिले आहे. तसे चाक फिरत नाही. आचार्यांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे मला वाटत नाही. बाध येतो तो या गोष्टी लपविल्याने.

सीमेचा प्रश्न त्यांनी असा बाजूला ठेवला तरी अनंताला ते भिडले. मात्र आकाशात नव्हे, अंकगणितात. येथे थोडे मागे गेले पाहिजे, आणि त्यासाठी मुरबाडच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. नाणेघाटाच्या गुहेतील, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे हिशेब आहेत: इतक्या गाई, इतके घोडे, इतके हजार कार्षापण. शंभराला वेगळे चिन्ह, हजाराला वेगळे चिन्ह, शून्य नाही. दानाचे हिशेब शून्यावाचून उत्तम चालत होते. त्या भिंतीवरच्या अंकांपासून सुमारे बाराशे वर्षांनी, सह्याद्रीच्याच आश्रयाच्या दुसऱ्या एका गावात जन्मलेला गणिती विचारतो की, एखाद्या राशीला शून्याने भागले तर काय होते. त्याआधी ब्रह्मगुप्ताने ६२८ साली अशी राशी छेदात शून्य असलेल्या अपूर्णांकाच्या रूपात तशीच ठेवून दिली होती. नवव्या शतकातील महावीराचार्य तर ती राशी बदलत नाही असे म्हणून मोकळे झाले. भास्कराचार्यांनी तिला खहर हे नाव दिले आणि तिचा स्वभाव सांगितला: तिच्यात कितीही मिळविले वा तिच्यातून कितीही काढले तरी तिला फरक पडत नाही. दृष्टान्त त्यांनी दिला तो ईश्वराचा. प्रलयकाळी असंख्य जीव त्याच्यात विलीन होतात, सृष्टीच्या वेळी असंख्य बाहेर पडतात, आणि तो आहे तसाच राहतो.

आजचे गणित शून्याने भागण्याची परवानगीच देत नाही, आणि शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागले की मूळ राशी परत मिळते असे जे त्यांनी मानले, तेही आज ग्राह्य नाही. तथापि मिळविल्याने वाढत नाही आणि काढल्याने घटत नाही अशी राशी कल्पिणे, ही अनंताच्या गणिताकडे टाकलेली मोठी मजल होती. ६१ या गुणकाचे जे वर्गप्रकृतीचे उदाहरण १६५७ मध्ये फर्माने युरोपातील गणित्यांपुढे आव्हान म्हणून ठेवले, ते भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने आधीच सोडविले होते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विश्वाविषयी आज आपण कोठे आहोत? १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमनने आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व काढून दाखविले, १९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्रने तेच स्वतंत्रपणे मांडले, आणि १९२९ मध्ये हबलने दीर्घिका जितक्या दूर तितक्या वेगाने आपल्यापासून लांब जात आहेत हे निरीक्षणांनी दाखविले. हे प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे, असे १९९८ मध्ये दिसून आले. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले जाते. त्या अवधीत ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला असे विश्व, प्रसरणामुळे, आज सर्व बाजूंनी सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले आहे. त्याला दृश्य विश्व म्हणतात. त्यापलीकडे विश्व नाही असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही. तेथून अद्याप प्रकाश आलेला नाही, एवढेच तो म्हणतो.

दृश्य विश्वाची मर्यादा ठरते ती प्रकाशाचा वेग आणि गेलेला काळ यांवरून. खकक्षा ठरली ती ग्रहाचा वेग आणि कल्पाचा काळ यांवरून. या साम्यावर झडप घालून भास्कराचार्यांना दृश्य विश्व ठाऊक होते असे कोणी जाहीर करील, अशी मला भीती आहे. ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा वेग चुकीचा होता, काळ श्रद्धेतून आलेला होता, आणि प्रसरणाची कल्पना त्यांच्या स्वप्नातही नव्हती. साम्य आहे ते दाव्याच्या मर्यादेत. एवढ्या काळात एवढ्या वेगाने जेवढे अंतर काटले जाते त्याला आम्ही हे नाव दिले, त्याच्या पलीकडचे आम्ही बोलत नाही, ही ती मर्यादा होय.

आकाराचेही तसेच. अवकाश सपाट आहे, गोलाच्या पृष्ठासारखे वळलेले आहे की खोगिरासारखे, याची मोजदाद करता येते. २००९ मध्ये सोडलेल्या युरोपच्या प्लांक उपग्रहाने आदिकाळच्या उरलेल्या किरणोत्साराचा जो नकाशा तयार केला, त्यावरून आणि दीर्घिकांच्या मोजणीवरून ते जवळजवळ सपाट असल्याचे दिसते. चूक असलीच तर शंभरात एकाहूनही कमी. मग विश्व अनंत आहे, हे सिद्ध झाले काय? नाही. परिघाचा लहानसा हिस्सा सपाटच भासतो, हे माहुलीवर उभे राहून आपण पाहिलेच आहे. संपूर्ण विश्व दृश्य विश्वाच्या मानाने अतिप्रचंड आणि बंदिस्त असले, तरीही आपल्याला ते असेच सपाट दिसेल. आणि सपाट असूनही ते सान्त असू शकते, अशाही रचना गणिताला माहीत आहेत. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह महास्फोटाच्या सिद्धान्ताला पर्याय मांडला. निरीक्षणांचा कौल बव्हंशी दुसऱ्या बाजूला गेला, तरी मान्य मताला आकडे मागण्याचे त्यांनी सोडले नाही. गृहीतक आणि मोजमाप वेगळे ठेवण्याचा आग्रह त्यांच्या लेखनात सतत दिसतो.

आता पुन्हा बाराव्या शतकाकडे वळू. शके ११०५ मध्ये, म्हणजे ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. यात सिद्धान्तांची चर्चा नाही. पंचांग करणाऱ्याला ग्रहांची स्थाने झटपट काढता यावीत म्हणून दिलेल्या सोप्या रीती आहेत. तत्पूर्वी ‘सिद्धान्तशिरोमणी’वर त्यांनी स्वत:च भाष्य लिहिले, आणि त्यात प्रत्येक रीतीची उपपत्ती, म्हणजे ती का खरी आहे याचे कारण, सांगितले. शिक्षकांच्या दृष्टीने हे भाष्य मला मूळ ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते. सूत्र पाठ करून घेणे कोणालाही जमते. ते का, हे सांगण्यासाठी म्हातारपणीही कंटाळा न करणारा गुरू लागतो.

पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने आपल्या पंडितांचा प्रमुख करून नेले. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. भावाच्या वंशातील अनंतदेव यानेही याच सिंघणाची सेवा केली आणि शके ११४४ मध्ये खानदेशातील बहाळ येथे देवीचे देऊळ बांधले. ग्रंथांवर टीकांमागून टीका लिहिल्या गेल्या. तरीही पृथ्वीच्या गोलत्वाचा वाद मिटला नव्हता. १८३० नंतरच्या दशकात माळव्यातील सीहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी आणि त्याच्या पाठशाळेतील सुबाजी बापू हे मराठी पंडित, पुराणांतील सपाट पृथ्वी मानणाऱ्या शास्त्र्यांशी वाद घालीत होते, आणि त्यांचे मुख्य शस्त्र होते गोलाध्याय. सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहून पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांची तुलना केली. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मेरूविषयी विचारलेले प्रश्न त्या वेळीही पुन्हा विचारावे लागत होते. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांनी, वंशजांनी त्यातले किती ठेवले, याचाही ताळेबंद मांडला पाहिजे. पुढे बापूदेव शास्त्री यांनी विल्किन्सनचे गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर तपासून १८६१ मध्ये प्रकाशात आणले, आणि कोकणातून आलेले, शिक्षकाचा पेशा करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास लिहून भास्कराचार्यांना त्यांच्या योग्य जागी बसविले. दीक्षितांचा तो ग्रंथ शिक्षकांनी तरी एकदा उघडावा.

राहिला पाटणचा लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उजेडात आणला. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, स्थानिक निकुंभ घराण्यातील सोइदेवाने चांगदेवाच्या मठाला दान दिल्याची ती नोंद आहे. मठ कशासाठी, तर भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकविण्यासाठी. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, आणि त्यात वंशाचे वर्णन आहे. शेवटच्या ओळी मात्र मराठीत आहेत. मराठीतील आरंभीच्या शिलालेखांत त्यांची गणना होते. त्या ओळींत खर्चाची तरतूद आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे आपल्याकडे सांगतात. पाटणच्या बाजारातली जकात खकक्षा शिकविणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी वळविली गेली. संस्कृत राजासाठी आणि पंडितांसाठी होते. कर ज्यांनी द्यायचा, त्या तेल्यांना आणि वाण्यांना कळावे म्हणून तो मजकूर त्यांच्या भाषेत कोरला असावा.